एक तास वीस मिनिटं

डोलिना मावशीच्या भाड्याने द्यायच्या घरात टेबलावर एक निळी फाइल असते. पाहुणे आठवडाभरासाठी येतात, शनिवारी दुपारी चावी घेतात आणि चहा व्हायच्या आत ती फाइल उघडतात. उल्बोस्ट बेटावर कुठे जायचं, काय बघायचं, हे मावशीने गेली एकोणीस वर्षं तिच्यात स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं.

“उभे दगड. चार हजार वर्षांचे आहेत म्हणतात. वारा असला तर टोपी सांभाळा. वारा नसला तर चिलटं फोडून काढतात, तेव्हा वारा असलेला बरा.”

“सीलांची खाडी. सील रोज असतात. डबा खाताना त्यांच्याकडे बघू नका, मग ते हलत नाहीत.”

“विणकर मर्डोचा माग. आत जाताना हाक मारा. त्याला ऐकू येत नाही, म्हणून दोनदा मारा.”

“रविवार. काही उघडं नसतं. दूध शनिवारीच घ्या.”

मे महिन्यात समुद्रविज्ञानाची पदवी हातात घेऊन मी बेटावर आले. नोकरी ऑक्टोबरपासून होती. मधले महिने मावशीकडे राहायचं, चादरी बदलायच्या, स्नानघर घासायचं आणि फाइल नीट टाइप करून द्यायची असं ठरलं. मावशीच्या वाक्यांना मी हात लावला नाही. त्यांच्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. एक पान मात्र मला बघवेना.

“ग्रेनसे. पूर्ण ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. जुनं चर्च, गोड्या पाण्याची विहीर, सील. वेळ टॉरमोडला विचारा.”

टॉरमोड हा माझा मामा, मावशीचा मोठा भाऊ. वय चौऱ्याहत्तर. ग्रेनसेवर आता कुणी राहत नाही, फक्त मामाच्या चाळीस मेंढ्या चरतात. घराच्या फाटकावर एक पाटी टांगलेली आहे. रोज सकाळी आठ वाजता मामा अंडी घेऊन येतो, पडवीत खिळ्याला लटकवलेली भरती-ओहोटीची पुस्तिका उघडतो आणि पाटीवर खडूने दोन वेळा लिहितो: कधीनंतर जायचं, कधीच्या आत परतायचं. पाहुणे त्या पाटीवर विसंबून दोन किलोमीटर वाळू तुडवत जातात. मामाच्या आधी हे काम त्याचा थोरला भाऊ एवन करायचा, त्याच्या आधी आजोबा.

पुस्तिकेतली वेळ जशीच्या तशी वापरता येत नाही. ती वर्षभर हिवाळी घड्याळाने छापतात आणि उन्हाळ्यात आमची घड्याळं एक तास पुढे असतात. शिवाय छापलेली वेळ बंदराची असते. आमच्या वाळूवरून पाणी बंदरापेक्षा वीस मिनिटं उशिरा उतरतं. म्हणून उन्हाळ्यात पुस्तिकेच्या आकड्यात एक तास वीस मिनिटं मिळवायची, मग त्याच्या मागे-पुढे दोन-दोन तास धरायचे. आजोबांनी हे मामाला तो सात वर्षांचा असताना शिकवलं. तो आकडा वाचतो तेव्हाच मिळवणी झालेली असते. आपण काही मिळवतो आहोत हेसुद्धा त्याच्या लक्षात येत नसावं.

मला हे फार ओबडधोबड वाटलं. दहा दिवस मी वाळूत खांब रोवून पाण्याची उंची मोजली, संगणकावर गणित मांडलं आणि सबंध उन्हाळ्यासाठी एक तक्ता तयार केला. थेट ग्रेनसेच्या वाळूसाठी, उन्हाळी घड्याळाप्रमाणे. मिळवायचं काही नाही, वाचायचं आणि निघायचं. लोकांना सवयीचं वाटावं म्हणून रकाने आणि मथळा मुद्दाम पुस्तिकेसारखेच ठेवले. तळाशी एक ओळ टाकली: ‘सर्व वेळा ग्रेनसेच्या वाळूसाठी, उन्हाळी घड्याळानुसार.’ अक्षर लहान ठेवलं, पान सुटसुटीत दिसावं म्हणून. बेटाच्या पर्यटक कचेरीतल्या बाईंना मी तो दाखवला. त्या म्हणाल्या, सोळाच्या सोळा घरांत लावू आपण हा.

जूनमधल्या एका शनिवारी मावशीने तक्ता प्लास्टिकमध्ये घालून पडवीत खिळ्याला लावला.

“आणि पुस्तिका?” मी विचारलं.

“चुलीत घातली. काय कळकट झाली होती! पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवायची वस्तू का ती?”

मामाला सांगायचं राहिलं होतं. तो त्या दिवशी बेटाच्या पलीकडच्या बाजूला सरपणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापायला गेला होता. दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी मामा दोनदा चर्चला जातो, आणि त्या दिवशी कामाचा विषय कुणी काढला तर उत्तर देत नाही, नुसता बघतो. पाटीही त्या दिवशी कोरी असते. ओहोटी काही रविवारची थांबत नाही असं मी लहानपणी म्हटलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, “ओहोटीने कुणाला विचारलंय? मी माझ्यापुरतं बघतो.” तेव्हा मी विचार केला, सोमवारी सांगू. आणि सोमवारी सकाळी सात वाजता चादरींची गाठोडी घेऊन मी गावातल्या धुलाईकेंद्रात निघून गेले. तळाशी लिहिलंय की, असं मनात म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

त्या आठवड्यात घरात एनिड आणि बेरिल होत्या. शेफील्डच्या दोघी बहिणी, पासष्टीच्या पुढच्या. एनिड मोठी. ती शाळेत भूगोल शिकवायची. फाइल तिने वेळापत्रकासारखी पाठ केली होती आणि प्रत्येक ठिकाणासमोर पेन्सिलने बरोबरची खूण करत होती.

“बेरिल, उभे दगड झाले. सील झाले. विणकर राहिला.”

“अगं, सील आपल्याला झाले की आपण त्यांना?” बेरिल म्हणायची. तिचा एक गुडघा नवा होता आणि दुसरा, तिच्याच शब्दांत, पहिल्याचा मत्सर करत होता.

सोमवारी दोघी ग्रेनसेला गेल्या.

मी धुतलेल्या चादरी घेऊन परतले तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फाटक उघडायला गाडीतून उतरले आणि पाटी वाचली. ‘जा १२.२० नंतर. परत ४.२० च्या आत.’

माझ्या तक्त्यात त्या दिवशीची पूर्ण ओहोटी एक वाजता होती. म्हणजे अकरा ते तीन. चार वीसमधून तीन वजा केले की एक तास वीस मिनिटं उरतात. वजाबाकी पुरी व्हायच्या आतच काय झालंय ते मला कळलं.

मी वाळूच्या टेकाडावर धावले. आदल्या दिवशीच अमावास्या झाली होती, उधाण होतं. पलीकडच्या काठावरून दोन पिवळे रेनकोट आमच्या दिशेने निघाले होते. वाळूच्या मध्यावर एक चर आहे. तिथे वाळू सगळ्यात खोल, म्हणून पाणी आधी तिथे शिरतं आणि चालणाऱ्याला बाकी सगळी वाळू कोरडी दिसत राहते. चर भरायला लागला होता. टेकाडावरून तो चकाकताना दिसत होता, त्यांना दिसत नसावा.

मी ओरडले. वाऱ्याने आवाज उलटा माझ्याच अंगावर आणून टाकला. मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही हात हलवले. दोघींनी, अगदी आनंदाने. आणि चालत राहिल्या.

मग मी गाडीतून एक डबलबेडची चादर ओढली, टेकाडावर उभी राहिले आणि ती डोक्यावरून आडवी फिरवायला लागले. एकदा, दोनदा, किती वेळा ते माहीत नाही. पिवळे रेनकोट थांबले. एकीने पुढे बोट दाखवलं. बराच वेळ दोघी तशाच उभ्या होत्या. मला वाटतं वाद चालला असावा. मग त्या मागे वळल्या.

मामा ट्रॅक्टरवरून आला तो चादर बघूनच. त्याने पाण्याकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, पुन्हा पाण्याकडे बघितलं.

“चारला दहा कमी आहेत,” तो म्हणाला. “एवढं पाणी कसं?”

मी चादर हातात धरून उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

“मामा, रुअरीला फोन कर,” एवढंच मी म्हणाले.

रुअरी शेवंडं पकडतो. त्याची होडी शेजारच्या धक्क्यावरच होती. तो त्यांना घेऊन आला तेव्हा साडेपाच वाजले होते आणि वाळूचा पत्ता नव्हता. मी, मामा आणि मावशी धक्क्यावर उभे होतो. मामाने रुअरीने फेकलेला दोर धरला आणि नेहमीपेक्षा एक गाठ जास्त मारली.

“काय टॉरमोड,” रुअरी ओरडला, “घड्याळ उलटं बांधलंस की काय आज? बाया माझ्या जाळ्यात सापडल्या, दोन नग, चांगल्या भरलेल्या!”

“भरलेल्या कुणाला म्हणतोस रे?” बेरिल म्हणाली. तिचे बूट चिंब होते. मावशीने तिला हात देऊन वर घेतलं. दोघींना काही झालं नव्हतं. त्या चर्चच्या भिंतीच्या आडोशाला बसून थर्मासमधला चहा प्यायल्या होत्या, आणि एनिडने सील मोजले होते. एकवीस.

“मला फार वाईट वाटतं,” मामा त्यांना म्हणाला. “माझी चूक झाली. चाळीस… बावीस वर्षांत पहिल्यांदा.”

त्याने आधी चाळीस म्हटलं आणि मग दुरुस्त केलं, हे सगळ्यांनी ऐकलं. तो स्वतः तर दचकलाच.

एनिडने त्याचा हात हातात घेतला. “अहो, असू द्या. होतं असं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे आणि मावशीकडे वळून, आवाज उतरवून, पण धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच उतरवून म्हणाली, “त्यांच्यावर रागावू नका हं. आमच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. वेळेपासूनच. वेळीच डॉक्टरांना दाखवा.”

ती मनापासून बोलत होती. मामा दोराची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला.

मी गप्प राहिले. कारणं माझ्याकडे होती. बायका थंडीने कुडकुडत होत्या, रुअरी चेष्टेला टपलेला होता, सगळ्यांसमोर सांगायची ही वेळ नव्हती. ती सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण वेगळं होतं. मी काढलेल्या पहिल्या तक्त्याने पहिल्याच दिवशी दोन माणसं पाण्यात घातली होती.

मंगळवारी सकाळी अंडी आली नाहीत. पाटीवर सोमवारच्याच वेळा होत्या. मावशीने त्या ओल्या फडक्याने पुसल्या.

“काल संध्याकाळी मला म्हणाला, डॉक्टरांची वेळ घे,” ती म्हणाली. “आणि मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला, लॅखीला, फोन करून मोकळा झाला. मेंढ्या विकतोय. चाळीसच्या चाळीस. गुरुवारी लॅखी येणार, ओहोटीला पलीकडून हाकून आणणार.”

“का पण?”

“का म्हणजे? ज्याला वाळूची वेळ कळत नाही त्याने वाळूपलीकडे जनावरं ठेवू नयेत, म्हणतोय. आणि खोटं आहे का?” तिने फडकं पिळलं. “तुला एवन मामा आठवत नसेल. तू पाळण्यात होतीस. त्याचं पाटीपासूनच सुरू झालं. पशुवैद्याची गाडी बुडाली होती वाळूत, काचांपर्यंत. एवनने वेळ चुकीची लिहिली होती. त्याच संध्याकाळी टॉरमोडने त्याच्या हातातून खडू काढून घेतला. त्यानंतर एवन… बोलायचाच कमी झाला. चार वर्षांनी वृद्धाश्रमात गेला, तोवर मला ओळखत नव्हता. टॉरमोडला तेच दिसतंय आता. रात्रभर दिवा होता त्याच्या घरात.”

मी मामाकडे गेले, सांगायचं ठरवूनच. तो गोठ्याच्या दाराशी उपड्या बादलीवर बसला होता. समोर त्याची कुत्री, बेस.

“शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी,” तो तिला सांगत होता. “बहात्तर. पासष्ट.”

बेसने शेपूट आपटलं.

“अठ्ठावन्न,” मामा म्हणाला आणि त्याने मला पाहिलं. “एवनला डॉक्टरने हेच विचारलं होतं. शंभरातून सात-सात काढत जा. त्याला शहाऐंशीच्या पुढे जाता आलं नाही. मी दोनपर्यंत जातो. पण काय गं, तुम्ही लोक शिकलेले, सांग. एखाद्याला हे येतं आणि तरी डोकं गेलेलं असतं, असं होतं का?”

“होत असेल,” मी म्हणाले. “मला त्यातलं काही कळत नाही, मामा.”

हे उत्तर अचूक होतं. इतकं वाईट उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. मी अंडी घेऊन परत आले.

बुधवारी एनिड आणि बेरिल विणकराकडे गेल्या, दोनदा हाक मारून आल्या आणि खूण केली. दुपारी पर्यटक कचेरीतल्या बाईंचा फोन आला. तक्त्याच्या सोळा प्रती तयार होत्या. त्या म्हणाल्या, “सोमवारचं ऐकलं बाई. म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर किती दिवस चालणार? तुझा तक्ता अगदी वेळेवर आला.”

मी त्यांना म्हटलं, प्रती वाटू नका, त्यात चूक आहे. त्यांनी विचारलं, आकडे चुकलेत का? मी म्हटलं, नाही, आकडे बरोबर आहेत. त्यांना ते कळलं नाही. फोन ठेवला आणि मी तशीच मामाकडे गेले.

तो स्वयंपाकघरात हेरिंग तळत होता. ओटच्या पिठात घोळवलेले दोन मासे तव्यावर होते. मी पडवीतला तक्ता सोबत आणला होता, तो टेबलावर ठेवला.

“मामा, हा वाच.”

“वाचलाय. डोलिनाने मोठ्या अक्षरात उतरवून घेतलाय ना, माझ्या डोळ्यांसाठी?”

“तिने नाही. मी केलाय. आणि उतरवलेला नाही, नवा आहे. ह्यात तास आणि वीस मिनिटं आधीच मिळवलेली आहेत. तू पुन्हा मिळवलीस.”

मामाने तवा खाली उतरवला. खिशातून चष्मा काढला, तो तोंडाच्या वाफेने पुसला आणि तक्त्याची सर्वांत खालची ओळ वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द.

“तुझं डोकं ठीक आहे,” मी म्हणाले. “हे बघ, चुका दोन तऱ्हेच्या असतात. माणूस विसरायला लागला की चुका विखुरतात. आज दहा मिनिटं, उद्या तीन तास, कधी पुढे, कधी मागे. तुझी चूक विखुरलेली नाही. ती बरोबर एक तास वीस मिनिटं आहे, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तू तुझं काम बिनचूक केलंस. मी खालची जमीन सरकवली आणि तुला सांगितलं नाही.”

“हे तुला कधी कळलं?”

“सोमवारी. पाटी वाचली तेव्हाच.”

“सोमवारी.”

“हो.”

“आज बुधवार.” त्याने चष्मा काढला. “दोन दिवस मी त्या कुत्रीला पाढे म्हणून दाखवतोय! चाळीस मेंढ्यांची नावं, त्यांच्या आयांची नावं, सगळी स्तोत्रं, माझी आई कुठल्या महिन्यात गेली! काल तू तिथे उभी राहून म्हणालीस, मला त्यातलं कळत नाही!”

“लाज वाटत होती.”

“लाज!” तो म्हणाला. “आणि मला काय वाटत होतं?”

मासे तव्यावर गार होत होते. त्याने एक ताटलीत काढला, माझ्यापुढे ढकलला, दुसरा स्वतः घेतला आणि दोघांनीही खाल्ला नाही.

मग तो म्हणाला, “एक तास वीस मिनिटं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग एवनची किती होती?”

मला प्रश्न लगेच समजला नाही.

“एवनची चूक. किती मिनिटांची होती? कुणी मोजलीच नाही. गाडी बुडाली, मी आलो, त्याच्या हातातून खडू घेतला. तो म्हणत होता, मी बरोबर लिहिलंय, मी बरोबर लिहिलंय. मी म्हटलं, गप बस, गाडी दिसत नाही का तुला?” मामा तक्त्याकडे बघत होता. “त्या वर्षी त्याच्याकडे कुठली पुस्तिका होती, कुणास ठाऊक. कधी बियाण्याच्या दुकानातून यायची, कधी बँकेच्या दिनदर्शिकेत असायची. एखाद्या शहाण्याने तुझ्यासारखीच तास आणि वीस मिनिटं आधीच मिळवून छापली असेल तर?”

“पण एवन मामा पुढे खरंच आजारी झाला ना? मावशीला ओळखत नव्हता.”

“चार वर्षांनी. त्या दिवशी होता का? खडू घेतल्यावर तो रोज खिडकीत बसायचा. माणसाच्या हातातलं काम काढून त्याला खिडकीत बसवलं की चार वर्षांत काय होतं, ते तुझ्या पुस्तकात आहे का?” त्याने ताटली बाजूला सारली. “तुला मागची ओहोटी काढता येते?”

“येते. कुठल्याही दिवसाची.”

“बावीस वर्षांपूर्वीची? ऑगस्टमधला जनावरांचा बाजार, त्याच्या आदल्या दिवशीची. तारीख मावशी सांगेल, त्याच बाजारात तिने तिची पहिली गाय विकली.”

मावशीला तारीख तोंडपाठ होती. बावीस वर्षांमागची ओहोटी काढणं अवघड नसतं. चंद्र आणि सूर्य कुठे होते ते माहीत असतं, आणि वाळू तेव्हा कशी होती हे सोडलं तर बाकी सगळं तेच असतं. वाळूसाठी मी पाच मिनिटांची कमी-जास्त धरली. गुरुवारी सकाळी मी कागद घेऊन मामाकडे गेले.

“त्या दिवशी बारा चाळीसच्या आत परतायला हवं होतं,” मी म्हणाले. “पाच मिनिटं इकडे-तिकडे. आता सांग, एवन मामाने पाटीवर काय लिहिलं होतं?”

“दोन,” मामा म्हणाला. मग थांबला. “नाहीतर अडीच.”

“दोन की अडीच?”

“पशुवैद्य म्हणत होता अडीच. पण तो स्वतःच उशिरा निघाला असेल, त्याला तसं म्हणावंच लागणार. मला दोन वाटतं. की हे आता वाटतंय, तुझं ऐकून?”

मी कागदावर बघितलं. बारा चाळीस ते दोन म्हणजे एक तास वीस मिनिटं. तसं असेल तर एवन मामाने तेच केलं होतं जे सोमवारी टॉरमोड मामाने केलं, आणि त्याचं डोकं त्या दिवशी शाबूत होतं. बारा चाळीस ते अडीच म्हणजे एक तास पन्नास. त्याला कुठलाही हिशोब लागू पडत नव्हता. तसं असेल तर आजार खरा होता आणि खडू काढून घेतला तो योग्यच.

“पाटी कुणी जपून ठेवली असती तर,” मी म्हणाले.

“पाटी मी पुसली. तिथल्या तिथे, बाहीने.”

तो माझ्याकडे बघत होता. एक वाक्य मला सहज बोलता आलं असतं. अडीचच असणार, मामा, पशुवैद्य कशाला खोटं बोलेल. त्याला बरं वाटलं असतं. आणि ते खरंही असू शकलं असतं, निम्मी तरी शक्यता होतीच. पण सोमवार ते बुधवार मी गप्प राहून एक खोटं बोलले होते, आणि बोलून दुसरं बोलायची माझी हिंमत नव्हती.

“नाही सांगता येत,” मी म्हणाले. “दोन असेल तर तू चुकलास. अडीच असेल तर नाही. ह्याच्या पुढे गणित जात नाही.”

मामाने मान हलवली. कागद मागून घेतला, त्याची घडी केली, आणि कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा हातातच धरून राहिला.

“मला ते ‘मी बरोबर लिहिलंय’ ऐकू येतंय बघ कालपासून,” तो म्हणाला. “तेव्हा मला वाटलं होतं, हा हट्ट आहे.”

अकराच्या सुमारास लॅखी ट्रक घेऊन आला. मामाने त्याला फाटकातच गाठलं.

“मेंढ्या विकायच्या नाहीत मला.”

“अरे! परवा तर अगदी गळ्यात बांधत होतास. डोकं फिरलंय की काय तुझं?”

“नाही,” मामा म्हणाला. “तेच तर कळलं.”

लॅखीने दहा मिनिटं शिव्या दिल्या, मग चहा प्यायला आणि कातरणीला मदत करायचं कबूल करून गेला. फाटकाशी एनिड आणि बेरिल पायांत बूट चढवून उभ्या होत्या. सोमवारच्या गडबडीत विहीर बघायची राहिली होती आणि फाइलमध्ये खूण अर्धीच झाली होती.

“काल जाऊ असं म्हणत होते,” एनिड म्हणाली, “पण पाटीवर काही नव्हतं. आणि आता… म्हणजे, तुम्हाला कसं वाटतंय?”

“सोमवारी जुन्या पुस्तिकेच्या जागी माझा तक्ता लागला होता, मामाला न सांगता,” मी मध्येच म्हणाले. “चूक माझी होती, मामाची नाही. मी सोमवारीच सांगायला हवं होतं.”

एनिडने माझ्याकडे शिक्षिकेच्या नजरेने बघितलं. “हो, सांगायला हवं होतंस,” ती म्हणाली. मग मामाकडे वळली. “आणि मी धक्क्यावर नको ते बोलले. मला माफ करा.”

“मग आज कोण लिहिणार?” बेरिल म्हणाली. “माझ्या गुडघ्याला आगाऊ सांगावं लागतं.”

मामा पडवीत गेला. नवा तक्ता मी परत खिळ्याला लावला होता, तो त्याने बराच वेळ वाचला. खडू घेऊन पाटीपाशी आला. लिहायच्या आधी त्याचे ओठ हलले. मिळवणी आपोआप होत असणार आणि तो तिला अडवत असणार. मग त्याने खडू टेकवला, पण लिहिलं नाही.

“सव्वातीनला पूर्ण ओहोटी,” तो म्हणाला. “सव्वाएक ते सव्वापाच.” आणि माझ्याकडे वळून विचारलं, “बरोबर?”

मामाने पाटीची वेळ कुणाला विचारल्याचं बेटावर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मी पडवीत जाऊन तक्ता बघून आले. मला आकडा पाठ होता, तरीही.

“बरोबर,” मी म्हणाले.

त्याने लिहिलं. सव्वा वाजता आम्ही पाचजणं वाळूवर उतरलो, मामा पुढे, बेस त्याच्याही पुढे, मागे दोघी बहिणी आणि सगळ्यात शेवटी कातऱ्यांची पिशवी घेऊन मी. चर कोरडा होता. मामा त्याच्या मध्यावर थांबला, मागे वळून त्याने पाटीच्या दिशेने एकदा पाहिलं आणि पुन्हा चालायला लागला.